पाटी कबरस्तानाची, घर आमचं

तळ्याकाठी, मंगळवार, भांडी विसळून झाल्यावर

आदरणीय एर्मेलिंदावन्सं यांस धाकट्या भावजयीचा, देल्मीराचा, कमरेपर्यंत वाकून नमस्कार (त्याखाली वाकलं की वर यायला माणूस लागतो).

सगळ्यात आधी चढली ती हिरव्या शालीतली बाई, हातात शेवंतीचा हा एवढा गुच्छ, आणि चढल्या चढल्या तिने आपलं बसचं कार्ड माझ्या मिठाच्या डब्याला टेकवलं. पण थांबा, माझी नेहमीची खोड, गोष्ट मधूनच धरली. तुमचे सांधे कसे आहेत? मांजरी ब्याली का? डॉक्टरांनी बंद केलेलं खारं मांस खरंच बंद केलंत की फक्त डॉक्टरांपुरतं? इकडे आम्ही मजेत. तुमच्या भावाला खोकला आहे, पण ते त्याला खोकला म्हणत नाहीत, 'इंजिन जरा गरम होतंय' म्हणतात. पत्र अशासाठी लिहितेय की फोनवर तुम्ही 'हं'च्या पुढे जात नाही, आणि घर विकून ही बस घेतल्यापासून तुमच्या भावाला तर तेवढा 'हं'सुद्धा मिळालेला नाही. पत्राचं बरं असतं. मध्ये हं करता येत नाही.

तर शनिवारी दुपारी बाराला नोएमी किल्ली न्यायला येणार होती. हे तुम्हाला ठाऊक असेलच, कारण उन्हाळ्यात बसची पायरी तुटली आणि मी अकरा दिवस बाटल्यांच्या खोक्यावर पाय देऊन घरात चढत होते, ही बातमी तुमच्यापर्यंत कोणी आणली आणि तुमच्याकडून माझ्या लेकीकडे कोणी नेली, ते मी विचारत नाही (आणली तुमच्या शेजारणीने, नेली तुम्ही). नोएमीने त्याच दिवशी कागद काढला. तीन गोष्टी लिहिल्या. नळाला पाणी हवं, मोरी तुंबता कामा नये, छत गळता कामा नये. तिन्ही जमलं तर बस आमची. एक जरी चुकलं तर किल्ली तिच्या पर्समध्ये, बस विकायला, आणि आम्ही दोघं तिच्या गॅरेजवरच्या खोलीत. खोली छान आहे, खोटं कशाला बोलू. पलंगाशी घंटी लावली आहे. वाजवली की कोणीतरी येतं म्हणे. वन्सं, जन्मभर मी दुसऱ्यांच्या हाकेला ओ दिली. आता घंटी वाजवून कोणाला बोलावू, आणि आलाच कोणी तर त्याला काम काय सांगू?

शनिवारी सकाळी आमची परिस्थिती अशी होती. नळ सोडला की पंप घुंघुं करायचा आणि पाणी यायचं नाही. मोरी तुंबलेली. छताला पलंगाच्या वर एक भोक, त्याखाली पातेलं. तुमच्या भावाला विचारलं तर म्हणाले, 'काही नाही, एक तारेचा तुकडा मिळाला की झालं.' वन्सं, तुमच्या आईने ह्या माणसाला जन्म दिला तेव्हा बरोबर तारेचं भेंडोळंही आलं असणार. आमच्या घरात तारेने बांधलेल्या वस्तू मोजायच्या तर दुपार जाईल. दार, आरसा, गॅसची टाकी, माझा चष्मा.

बाकी संसार म्हणाल तर मला इथे आहे तेवढं सुख घरी नव्हतं. कपडे धुवायचे असले की झाकणाच्या बादलीत कपडे, साबण, पाणी घालायचं, झाकण दाबायचं, आणि तुमच्या भावाला म्हणायचं, चला, कच्च्या रस्त्याने जाऊ. वीस मैल हादरे खाल्ले की पांढरेशुभ्र. बस उभी करताना ती सपाट आहे का ते मी टेबलावर अंडं ठेवून बघते. अंडं ज्या बाजूला पळेल त्या बाजूच्या चाकाखाली फळी. फळी ठेवण्याआधी तळणी चढवली तर तेल सगळं एका कडेला, आणि तोर्ता फ्रिताची तळलेली पोळी एका बाजूने पापड, दुसऱ्या बाजूने उशी. तुमच्या भावाला उशीची बाजू आवडते, मला पापडाची. बेचाळीस वर्षांच्या संसारात ही एक गोष्ट तरी जुळली.

हं, तर शनिवार. आम्ही राहतो त्या तळ्याकाठच्या मैदानावरच्या नळाला थेंब नाही. मग ठरलं की नोएमी यायच्या आत पलीकडच्या पेट्रोल पंपावर जाऊन पाण्याची टाकी भरून आणायची. आता आमच्या बसच्या कपाळावरची पाटी तुम्ही पाहिली आहेच. गुंडाळीची पाटी, जुन्या ३७ नंबरची, घेतली तेव्हाच 'कबरस्तान'वर अडकलेली, ती आजपर्यंत हललेली नाही. रस्त्यात माणसं बाजूला होतात, टोप्या काढतात, मला सवय झाली. आत चालकाच्या डोक्यावर 'चालकाशी बोलू नये' ही पाटीही तशीच आहे, पण ती मी कधी मनावर घेतली नाही.

आपल्या गावातली कबरस्तानाची बस उन्हाळ्यापासून बंद झाली, पण थांब्याचा खांब काही कोणी उपटून नेला नाही. दवाखान्याच्या कोपऱ्यावर त्या खांबाखाली चारजण उभे होते. कशाच्या आशेने, देव जाणे. हिरव्या शालीतल्या बाईने हात वर केला. आणि वन्सं, तुम्ही बहीण आहात, तुम्हाला सांगायला नको, एकतीस वर्षं ज्याने ३७ नंबर चालवली त्याच्यासमोर हात वर झाला की पाय त्याचा राहत नाही, ब्रेकचा होतो. मी ओरडले, 'अहो, आपण घर आहोत.' तोवर दार उघडलं होतं, आणि तुमच्या भावाच्या तोंडून आपोआप निघालं, 'मागे सरका, मागे रिकामं आहे.'

मागे माझा पलंग आहे.

तर आधी चढली दोन्या ओब्दुलिया, हिरवी शाल, मिठाचा डबा वगैरे. तिच्यामागून दोन बहिणी, नवरा कोणाचा जास्त चांगला होता यावर भांडत (दोघींचेही मेलेले, म्हणून भांडण मिटायची सोय नाही). आणि शेवटी एक लांबोडका म्हातारा, डॉन फिदेन्सिओ, मान दारातून वाकवून आला आणि पहिलं वाक्य काय म्हणाला असेल? 'बाई, तुमच्या पंपात हवा शिरली आहे. आवाजावरून कळतं.' चाळीस वर्षं गावातल्या नळांची कामं केलेला माणूस. मला वाटलं, ह्याला देवानेच खांबाखाली उभा केला.

तुमच्या भावाला सांगितलं, ह्यांना कोपऱ्यावर उतरवा. ते म्हणाले, 'पाटीवर लिहिलंय ना तिथेच उतरवणार. कपाळावर एक आणि वागण्यात दुसरं असं ह्या बसने कधी केलं नाही.' एवढं लांब वाक्य ते गेल्या इस्टरनंतर पहिल्यांदाच बोलले. रस्ता कबरस्तानाच्या फाटकाकडे वळला तशी मी किटली ठेवली. पाहुणे पलंगावर बसलेत आणि कडू पाल्याचा गरम माते नळीने ओढायला तुंबा हातोहात फिरत नाही, हे मला मेल्यावरही जमणार नाही. मैदानावर भरलेली शेवटची बाटली होती, तेवढं पाणी त्यात गेलं.

फाटकाशी पोचलो तोच नोएमीचा फोन. ती लवकर आली होती, मैदानावर दोन फळ्या आणि कपड्यांची दोरी, बस नाही. विचारते, 'आई, आहात कुठे?' मी म्हटलं, 'कबरस्तानात.' मग हळूच, 'बाबा?' मी म्हटलं, 'तेही. आणि आणखी चौघं आहेत.' फोन पडल्याचा आवाज आला. वन्सं, मी खोटं काय बोलले?

ती येईपर्यंत फुलदाण्यांना पाणी हवं असं सांगून तुमच्या भावाने फाटकातल्या नळाला पाइप लावून आमची टाकी भरून घेतली, आणि डॉन फिदेन्सिओ कोट काढून माझ्या ओट्याखाली शिरला. तुमचे भाऊ दिवा धरून. पंपाला कुठलासा एक बोल्ट पिळला, दोनदा ठोकलं, हवा फुसकन गेली आणि नळाला पाणी आलं, आधी चहाच्या रंगाचं, मग स्वच्छ. मग मोरीचा पाइप खोलला. आतून काय निघालं असेल? मातेचा पाला. हिरवा, लगदा, टोपीभर. (टोपीभर हे मापच आहे, तुमच्या भावाच्या टोपीतच काढला.) डॉन फिदेन्सिओ म्हणाला, 'ह्या देशात माणसं प्रेमाने मरतात आणि मोऱ्या मातेच्या पाल्याने.' सगळ्यांनी तुमच्या भावाकडे पाहिलं. मीही पाहिलं. तीन महिने त्यांना सांगत होते की तुंबा केराच्या डब्यात झाडा. ते म्हणाले, 'मी नाही.' एवढंच.

आणि ह्याच क्षणी नोएमी दारात. केस विस्कटलेले, रडून आलेली, हातात तो कागद. तिला काय दिसलं असेल बघा. बाप गुडघ्यावर, टोपीत चिखल. ओट्याखालून एका परक्या म्हाताऱ्याचे पाय. आई तळणीपाशी. पलंगावर तीन विधवा, एक तुंबा, एक नळी. म्हणाली, 'आई, हे सगळे कोण?' दोन्या ओब्दुलिया म्हणाली, 'आम्ही प्रवासी. तू मागे सरक पोरी, मागे रिकामं आहे.'

नोएमी तुमच्यावर गेली आहे, हसू आलं की आधी ओठ आवळते. तिने कागद उलगडला. नळ सोडला, पाणी. मोरीत तांब्याभर ओतलं, गडगड करत गेलं. दोन खुणा. आणि वन्सं, तेवढ्यात भुरभुर पाऊस सुरू झाला. सगळेजण वर बघायला लागले, चर्चमध्ये बघतात तसे. पातेलं तर मी पाहुण्यांसाठी उचलून ठेवलं होतं. एक थेंब आला, नोएमीच्या कागदावर, नेमका 'छत' ह्या शब्दावर. शाई पसरली. तुमच्या भावाने खिशातून किल्ली काढली, तिच्याकडे न बघता टेबलावर ठेवली. अंड्याच्या वाटीशेजारी. बस कलती होती, किल्ली आपोआप नोएमीकडे घसरत गेली.

मला रडू येईल म्हणून मी तुंबा भरला आणि तिच्या हातात दिला. तुम्हाला आठवतं, तो स्पेनहून नवा पाद्री आलेला? दर वेळी तुंबा परत देताना सभ्यपणे 'आभारी आहे' म्हणायचा, आणि आपण समजायचो बास झालं, त्याला पुढे मिळायचाच नाही. बिचाऱ्याला महिन्याने कळलं. तर मी नोएमीच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. तिने सावकाश प्यायला, तळापर्यंत, नळी गुरगुरेपर्यंत. तुंबा माझ्याकडे दिला. आभार मानले नाहीत.

मी दुसरा भरला.

तिसऱ्या तुंब्याला डॉन फिदेन्सिओ म्हणाला की डांबरी पट्टी त्याच्याकडे घरी पडून आहे, पुढच्या खेपेला घेऊन येतो, भोक पाच मिनिटांचं काम आहे. नोएमी म्हणाली, 'पुढची खेप म्हणजे?' दोन्या ओब्दुलिया म्हणाली, 'म्हणजे काय? बस आहे तर खेप आहे.' मग दोघी बहिणी आपापल्या नवऱ्यांना सांगून आल्या की आता येणं होत जाईल. मी दोन शेवंत्या तुमच्या यजमानांच्या, बासिलिओंच्या, दगडावर ठेवल्या. शेवाळ चढलं आहे, वन्सं. रागावू नका, बस बंद झाल्यापासून तुमचं जाणं नाही हे मला ठाऊक आहे. मी पदराने पुसता येईल तेवढं पुसलं.

तब्येतीला जपा, मांजरीला मुका, खारं मांस खाऊ नका. कमी-जास्त लिहिलं असेल तर तिसरी शिकलेल्या भावजयीचं म्हणून सोडून द्या.

तुमची,
देल्मीरा

ता. क. मोरीत पाला मी टाकत होते. डब्याला दोन पावलं जावं लागतं, मोरी हाताशी असते. तुमच्या भावाला बहुतेक ठाऊक आहे. टोपी त्यांनी स्वतःच धुतली. कृपा करून नोएमीला कळवू नका.

आणखी एक ता. क. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नोएमीने किल्ली परत दिली खरी, पण उसनी. म्हणाली, 'तुम्ही दोघं गोड बोलून मला गुंडाळता. छत झाल्यावर आत्याने बसमध्ये एक रात्र काढावी, ती म्हणेल ते मी ऐकेन. आत्या कोणाची भीड धरत नाही.' तर निकाल तुमच्या हातात आहे, वन्सं. पलंग तुम्हाला देईन, पापडाची बाजूही. पातेलं बाहेर काढून ठेवीन. पत्र दोन्या ओब्दुलिया आणून देतेय, ती तुमच्या मागच्या गल्लीतच राहते, पण तिला यातलं काही सांगू नका.

शेवटचं. पाटीची गुंडाळी तुमच्या भावाने काल सोडवली. दिवसभर सगळी नावं फिरवून पाहिली आणि पुन्हा 'कबरस्तान'वर आणून ठेवली. तुम्हाला घ्यायला जा असं मी त्यांना म्हणणार नाही, तेही म्हणणार नाहीत, तुमची दोघांची जात मला माहीत आहे. बस तुमच्या औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावरून जाते. तुम्ही नुसता हात वर करा. त्यांच्याशी बोलायचीही गरज नाही, तशी पाटीच आहे. चौघांनी यायचं कबूल केलंय ते रविवारी, सकाळी साडेनऊला.