हॅरल्डकडची रायफल

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रताप,

सप्रेम नमस्कार. फोन सोडून कागदावर लिहितोय म्हणून दचकू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. सोबत राधिकाने चिवडा आणि शंकरपाळे पाठवलेत. चिवडा तिखट झालाय, पण नागपूरकरांच्या घरात दुसरं काय होणार! गेल्या शिकारीच्या सीझनमधल्या हरणाच्या मटणाचं शेवटचं पाकीट अजून फ्रीझरमध्ये आहे. प्रतापभावजी आल्याशिवाय त्याचं सावजी करणार नाही, असं तिने जाहीर केलंय.

आता तुझी रायफल. तुझ्यासारखं गिऱ्हाईक देव कोणाला न देवो. मार्चमध्ये बेत किती साधा होता! तुझी जुनी लांबलचक रायफल घ्यायची, नळी कापून आखूड करायची, वजन तीन किलोच्या आसपास आणायचं, आणि नेमाची दुर्बीण डोळ्याजवळून काढून पुढे नळीवर बसवायची, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. डोंगर चढताना खांद्याला जड नको, झाडीत अडकायला नको. एकच रायफल, सगळ्या कामांची. आपली स्काउट रायफल.

मग तुझं दस्त्याचं सुरू झालं, खांद्याला टेकतो तो भाग कशाचा करायचा ते ठरेना. आधी म्हणालास, काळं फायबर चालेल. मग छे, अक्रोडाचं लाकूडच पाहिजे. सप्टेंबरात तुला आठवलं की लाकूड पावसात फुगतं, तेव्हा थर चिकटवलेलं लॅमिनेट. ऑक्टोबरात पुन्हा अक्रोड! आणि मी दर रविवारी फोनवर काय सांगायचो? "अरे, हॅरल्डकडे कामं तुंबलीत यार. त्याला रिमाइंड करतो." वॉरेंटनचा तो म्हातारा बंदुकवाला इतका कामसू माणूस, आणि मी त्याला महिनोन् महिने आळशी ठरवलं.

रायफल हॅरल्डकडे नाहीये, प्रताप. ऑगस्टमध्येच झाली. पहिल्या अक्रोडातच. माझ्या सेफमध्ये उभी आहे. तुझं लॅमिनेट कोणी कापलंच नाही.

फार देखणी झालीय. मी एकदा खांद्याला लावून पाहिली, पण दस्ता तुझ्या लांब हातांच्या मापाचा, माझं बोट घोड्यापर्यंत धड पोचेना. ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नाही. तशीच ठेवली परत आत.

खोटं का बोललो ते तुला कळलं असेल. तरी लिहितो, कारण रविवारी आपण तासभर बोलतो ते नळी, पट्टा आणि स्क्रूवर. जे विचारायचं ते राहून जातं.

अदितीवहिनींना जाऊन वर्ष होत आलं होतं. मार्चमधल्या त्या शनिवारी तू न कळवता आलास. गळ्यात अडकवायची दुर्बीण, थर्मास आणि ती शिंगाच्या मुठीची सुरी, जिला तू कधी कोणाला हात लावू दिला नाहीस, सगळं टेबलावर ठेवलंस. म्हणालास, "तुला राहू दे. मला आता लागणार नाही." इतक्या शांतपणे, की राधिका चहा ओतता ओतता थांबली. मी पहिलं तोंडात आलं ते बोललो, "मग रायफलही दे ना. तिची मस्त स्काउट बनवू." स्काउट-बिऊट माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती. तुझ्याकडे एकच बंदूक होती आणि मला ती तुझ्या रिकाम्या घरात नको होती, बस. पण तू पेन्सिल मागितलीस आणि पाकिटाच्या पाठीवर चित्र काढायला लागलास. तेव्हा राधिका आत जाऊन रडली.

आता सीझन तोंडावर आलाय. हॅरल्डच्या तुंबलेल्या कामांचं निमित्त अजून किती दिवस सांगू? रायफल तुझी आहे, आणि ती तुझ्या हातात द्यायची मला भीती वाटते. म्हणून सरळ विचारतो, रागावलास तरी चालेल. जीव द्यायचा विचार अजून येतो का रे मनात?

नाही म्हणालास तर विश्वास ठेवीन. हो म्हणालास तर रायफल इथेच राहील आणि तू तेवढा निघून ये. वरची खोली आवरून ठेवलीय. उत्तर काहीही असो, मला तू हवा आहेस.

तुझा,
यतीन


स्टॉन्टन
१४ नोव्हेंबर

यत्या गाढवा,

चिवडा संपला. वहिनींना सांग, तिखट होता आणि झकास होता.

तुला खोटं बोलता येत नाही. कॉलेजात प्रॉक्सी लावतानाही पकडला जायचास. पट्ट्याची कडी थोडी मागे घेता येईल का, हे विचारायला मी सप्टेंबरात हॅरल्डला फोन केला होता. तो म्हणाला, ती ना? ती तर तुझा मित्र केव्हाच घेऊन गेला, छान झालीय. मी पोर्चवर बसून तुला मनातल्या मनात सगळ्या शिव्या दिल्या. मी काय लहान पोर आहे? गाडीची किल्लीही उचलली होती. तुझ्या दारात येऊन रायफल मागणार होतो.

गाडीत बसलो आणि कळलं, मला ती घरी नकोच आहे. मलाही तेवढीच भीती वाटत होती. पण तसं तुला सांगायची लाज वाटली. मग रविवारी तुला म्हटलं, लॅमिनेट बघू. तू लगेच म्हणालास, हॅरल्डला सांगतो. इतका सुटल्यासारखा बोललास की मला हसू आलं. लॅमिनेट मला कधीच आवडलं नाही रे. ऑक्टोबरात दुसरं काही सुचलं नाही म्हणून पुन्हा अक्रोड.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. येतो विचार. कधीमधी, पहाटे जास्त. मार्चसारखा नाही. तेव्हा तो विचार खोलीतून हलतच नव्हता, आता येतो आणि जातो. डॉक्टरांना सगळं सांगितलंय. अनयालाही, सांता क्लाराला फोन करून. पोरगी खूप रडली, आता रोज फोन करते. पण हे आपणहून सरळ विचारायची हिंमत तू एकट्याने केलीस, म्हणून तुला खरं सांगतोय.

तेव्हा रायफल तुझ्या सेफमध्येच राहू दे, या वर्षी तरी. शनिवारी तुझ्याकडे येतो. बरोबर डोंगरात जाऊ, दिवसा मी खांद्यावर घेईन, संध्याकाळी तू कुलूप लाव. किल्ली कुठे ठेवतोस ते मला सांगू नकोस. वरची खोली असू दे, चार दिवस राहीन.

दुर्बीण आणि थर्मास ठेव तुला. सुरी मात्र परत दे. धार लावून ठेव, मला लागणार आहे.

तुझाच,
प्रताप