वऱ्हांड्यातली सात मिनिटे

मु. बोरखोरे, ता. जावळी
९ सप्टेंबर १९४९

तीर्थरूप लालादादांचे सेवेशी,
बालके विजूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि वहिनींचे शेंगदाण्याचे लाडू एकाच दिवशी पोचले. पत्र आधी वाचले, असे तुम्हांला बरे वाटावे म्हणून लिहिते. परवा गणपती पोचते झाले, पण पाऊस काही हटत नाही. हेडमास्तर लकव्याने घरी बसल्यापासून सगळी शाळा माझ्याच अंगावर आहे. पाचवीची मुले गळक्या कौलांखालून उचलून सहावीत कोंबली आहेत. बोर्डाला चार अर्ज केले, उत्तर नाही.

आता खरे सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत होणारे सरस्वतीपूजन मी या वर्षी बंद केले आहे. रागावू नका, आधी ऐका.

आमच्या सातवीत चांदबी आहे, रहिमान अत्ताराची मुलगी. हळदकुंकू, बुक्का, उदबत्ती, सगळे गाव त्याच्याच दुकानातून नेते. ही पोर वर्गात पहिली. एकाचे आकडे ओळीने जोडून पाटीवर जी सरस्वती काढतात, ती तिच्यासारखी कोणाला जमत नाही. दरवर्षी धाकट्यांच्या तीस-चाळीस पाट्या तीच काढून देते. गेल्या वर्षी पूजा झाली, सगळ्यांनी हात जोडले, आणि ही पाटी काखेत दाबून आपल्या पायांकडे बघत उभी राहिली. मी सगळ्यांदेखत तिला दटावले की हात जोड. तिने जोडले. तेव्हाचे तिचे तोंड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सरकारी शाळेची बाई म्हणून मला तो अधिकार कोणी दिला होता?

दिल्लीत घटना लिहिणे चालू आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचे शिक्षण नको, असे त्यात येणार म्हणून पेपरात वाचले. मग बोरखोऱ्याने कशाची वाट बघायची? पूजा घरी करा, देवळात करा, शाळा सगळ्यांची आहे, असे मी मुलांना सांगितले. संध्याकाळपर्यंत शाळा कमिटीचे केरबा पाटील दारात. बाईंना शिकून लय शिंगं फुटली असे ते म्हणाले, आणि माझे मालक ब्रह्मदेशात लढाईत पडले तेव्हा गावानेच मला सांभाळले, हेही ऐकवून गेले. जणू मी तो उपकार विसरलेच होते.

चांदबीची येत्या मार्चमध्ये सातवीची फायनल परीक्षा आहे. ती पास झाली की तिला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात घालायचे माझ्या मनात आहे. या भागात अत्ताराची पोर मास्तरीण झालेली कोणी पाहिली नाही. ते एक होऊ दे, मग गाव मला काय वाटेल ते म्हणो.

तुमचा आशीर्वाद हवा, आणि जमल्यास थोडी बाजूही घ्यावी.
आपली आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
विजू


सांगली
१६ सप्टेंबर १९४९

चि. विजूस,
लालादादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळाले. तुझी वहिनी म्हणते की लाडवांची चव कशी होती ते चार ओळींत लिहिले असतेस, तर दिल्लीच्या घटनेला धक्का लागला नसता. आमच्या सांगलीला आता दक्षिण सातारा म्हणायचे, असे ठरले आहे. म्हणजे मी घर न सोडता तुझ्या जिल्ह्याच्या शेजारी येऊन बसलो. तेव्हा थोरपणाने चार शब्द सांगतो.

पेपर वाचून शाळा चालवू नये. एकोणीस वर्षे मास्तरकी केली, त्यातली अकरा हेडमास्तर म्हणून. आमच्या संस्थेच्या शाळेत रोज सकाळी सरस्वतीची प्रार्थना होते. तीन मुले मुसलमानांची आहेत. त्यांना सक्ती नाही. प्रार्थना संपेपर्यंत ती बाहेर वऱ्हांड्यात उभी राहतात आणि मग हाक मारली की आत येतात. सात मिनिटांचा प्रश्न. कोणाचा धर्म बुडत नाही, ट्रस्टी मंडळी खूष, आणि मला रात्री झोप लागते. तूही तसेच कर. गावाची पूजा गावाला दे, पोरीला वऱ्हांडा दे, आणि आपला जीव वाचव.

आणखी एक. एवढ्या लांब पत्रात केरबा काय म्हणाला ते आहे, दिल्ली काय म्हणते ते आहे. ती मुलगी काय म्हणते ते कुठे आहे? तिला विचारलेस का?

प्रकृतीस जप. आमचा लोभ आहे तसाच आहे, तुझ्या डोक्यावर मात्र थंड पाणी घाल.
तुझा,
लालादादा


मु. बोरखोरे
५ ऑक्टोबर १९४९

तीर्थरूप दादांचे सेवेशी,
विजूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा वऱ्हांडा इथे येऊन पोचला. अभिनंदन करावे की काय, समजत नाही.

केरबा पाटलांनी साताऱ्याला अर्ज ठोकला. कौलांसाठी माझे चार अर्ज गेले, त्यांना पाय फुटले नाहीत. या एकाला आठ दिवसांत शाळा तपासणारे डिपोटीसाहेब घोड्यावरून हजर. माझे सगळे ऐकून घेतले, मान डोलावली, चहा घेतला, आणि हुकूम लिहिला की पूजा पूर्वीप्रमाणे व्हावी, मात्र अन्य धर्माच्या मुलांवर सक्ती नसावी, त्यांना त्या वेळी वर्गाबाहेर जाण्याची मुभा असावी. वर मला म्हणाले की बाई, तुमचेच म्हणणे मान्य केले आहे. त्या कागदावर सही माझी घेतली.

मग पूजेचा दिवस. मी तो हुकूम वाचून दाखवला. वर्गात अन्य धर्माचे मूल एकच. केरबा पाटलांनी दाराकडे हात केला आणि चांदबी उठून बाहेर गेली. पुढे काय झाले ते नीट ऐका. धाकट्यांच्या पाट्या कोऱ्या होत्या, कारण दरवर्षी काढून देणारी तीच. एकेक पोर पाटी घेऊन वऱ्हांड्यात जाऊ लागले. ती पायरीवर बसून सरस्वती काढत होती आणि पोरे पाट्या आत आणून पाटावर मांडत होती. सदतीस पाट्या मी मोजल्या. वर कुंकू वाहिले तेही तिच्या बापाच्या दुकानातले. सगळ्यांनी हात जोडले. पाट्या आत, काढणारी बाहेर. मी पूजेशी उभी होते दादा, आणि मला ओरडावेसे वाटत होते, पण हुकुमाखाली माझीच सही होती.

दसऱ्याची सुटी संपली तरी ती शाळेत नाही. मी दुकानावर गेले. रहिमानभाईंनी बसायला पोते टाकले, पण नजर वर केली नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की आवं बाई, आमी कवा तक्रार केली व्हती का? आता गावात बोलतात की अत्तारामुळे सरस्वती बंद पडली. बायका कुंकवाला मेढ्याच्या बाजारात जातात. तुमी आमच्या भल्याचंच केलं, पर पोरगी आता घरीच बरी, असे म्हणून ते उदबत्त्या बांधायला लागले.

तुम्ही विचारले होते की मुलीला विचारलेस का. नाही विचारले. तिच्यासाठी सगळ्या गावाशी भांडले, आणि तिच्याशी बोलायचे राहिले. तुम्ही बरोबर होतात हे लिहिताना मला फार राग येतो आहे, तो तुमच्यावरच काढते.

आता एकच मागणे. तिला सांगलीला तुमच्या शाळेत सातवीत घ्या. राहू द्या तुमच्या घरी. फायनलला पाच महिने उरले आहेत. रहिमानभाईंना मी कसेही करून तयार करीन. नाही म्हणू नका.

राग सोडून बाकी सगळे तुमच्या पायांशी.
विजू


सांगली
१४ ऑक्टोबर १९४९

चि. विजूस,
अ. उ. आ. वि. वि.

पाठव. तुझ्या वहिनीने पत्र अर्धे ऐकले आणि माळ्यावरची गादी उन्हात टाकली, तेव्हा मला मत देण्याचे कामच उरले नाही. तिने एवढेच विचारले की पोर मटणाशिवाय जेवते ना, कारण आमचे शेजारी जैन आहेत आणि त्यांना वास चालत नाही. जेवत असेल तर ठीक, नसेल तर रविवारी दार लावून घेऊ, असाही तोडगा तिनेच काढला.

तुझे पत्र दोनदा वाचले. सदतीस पाट्यांचे वाचून वाईट वाटले. पण तुला आधीच सांगतो, मागून खटका नको. आमच्याकडे प्रार्थना आहे आणि वऱ्हांडा आहे. त्या तिघांबरोबर ही चौथी उभी राहील. सात मिनिटे, विजू. सात मिनिटांसाठी पोरीचे वर्ष घालवू नये. ट्रस्टींपुढे मी हा विषय काढणार नाही. संस्थेचे सरचिटणीस फार कडक आहेत, आणि माझी पेन्शन अजून लांब आहे.

दिवाळी झाली की ये. फराळाला तोंड आणि भांडायला थोडी कमी ताकद घेऊन ये.
तुझा,
लालादादा


मु. बोरखोरे
२९ ऑक्टोबर १९४९

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी झाली तरी आले नाही, कारण इथे रोज रहिमानभाईंच्या दुकानात बसून होते. ते तयार झाले. पण या वेळी मी शहाणी झाले आणि चांदबीला विचारले. तिने तोंडी उत्तर दिले नाही, लिहून देते म्हणाली. मनात येईल तसे लिही, शुद्धलेखन तपासणार नाही, असे मी सांगितले. तो कागद सोबत आहे. त्यात माझ्याविषयी आहे तेही वाचा. मी एक अक्षर बदललेले नाही.

तुमच्या उत्तराची वाट बघते, आणि या वेळी मला धीर नाही.
विजू


(सोबतचा कागद)

मोठ्या गुरुजींस,
चांदबी रहिमान अत्तार हिचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

बाई म्हणाल्या सांगलीला जातीस का. मला यायचं हाय. फायनलला बसायचं हाय. गणितात मी कच्ची न्हाई.

मला पाटी काढाय लय आवडती. हात जोडाय मन घेत न्हाई, कारण आमच्यात तसं करत न्हाईत. गेल्या साली बाई दटावल्या तवा वाईट वाटलं, पर मी आत व्हते, सगळ्यांसंगट व्हते. औंदा भाईर गेले तवा कुणी दटावलं न्हाई. पर सगळी माझ्याकडं बघाय लागली, जशी मी कायतरी चोरलंय. बाईंनी मला आधी इचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की पूजा बंद करू नगा, मला हात जोडाय तेवढं लावू नगा.

गुरुजी, तुमच्याकडं वऱ्हांड्यात उभं राहावं लागतं असं बाई म्हणाल्या. मी उभी राहणार न्हाई. मी आत गप बसंन, तोंडातनं आवाज काढणार न्हाई, कुणाचं बिघडवणार न्हाई. ते चालत नसंल तर मला नेऊ नगा. आब्बांच्या दुकानात बुक्क्याच्या पुड्या बांधाय मला येत्यात.

वहिनींना सांगा, मी मटण खात न्हाई. मला आवडत न्हाई.
आपली होऊ घातलेली विद्यार्थिनी,
चांदबी


सांगली
२१ नोव्हेंबर १९४९

चि. विजूस,
लालादादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, त्याचे कारण पुढे येईल. तुझ्या अत्तारीणबाईंचा कागद वाचून मला आधी राग आला. बारा-तेरा वर्षांची पोर हेडमास्तराला अटी घालते! वहिनी म्हणाली, अटी नाहीत, तिने फक्त जागा मागितली आहे. मग मी तो कागद दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो.

शेवटी सरचिटणीसांकडे गेलो. ते म्हणाले, आत गप्प बसणारी एक मुलगी चालवून घेतली, तर उद्या सगळा वर्ग गप्प बसेल. मी म्हटले, मग प्रार्थना घंटेच्या आधी पटांगणात घेऊ, ज्याला यायचे तो येईल, आणि घंटेनंतर शाळा सगळ्यांची. तुझेच वाक्य वापरले, तुझे नाव न घेता. त्यांनी मला पुष्कळ सुनावले. गांधीटोपी घालून धर्म बुडवायला निघालात, इथपर्यंत गेले. पण घंटा हेडमास्तराच्या ताब्यात असते, एवढे त्यांच्या लक्षात नव्हते. गेल्या सोमवारपासून मी प्रार्थना घंटेआधी घेतली. जूनमध्ये मला या खुर्चीवरून काढणार, असे कानावर आले आहे. फायनल मार्चमध्ये आहे. तोवर मला कोणी हलवत नाही.

पहिल्या दिवशी दोनशे मुलांतली एकोणीस प्रार्थनेला आली. धर्माची एवढी काळजी असलेल्या ट्रस्टींपैकी एकही नाही, कारण सात वाजता थंडी असते.

आता ते लिहितो, ज्यासाठी पत्र लांबले. प्रार्थना संपली, घंटा झाली, सगळी मुले वर्गात जाऊन बसली. मी हजेरी घेऊ लागलो तर ती तिघे दिसेनात. बाहेर येऊन पाहतो तर वऱ्हांड्यात भिंतीला पाठ लावून उभी. दप्तरे पायाशी. आत कसलीही प्रार्थना चालू नव्हती. तरी ती वाट बघत होती. मी विचारले की आत का येत नाही, तर थोरला म्हणाला की गुरुजी, अजून हाक आली न्हाई. अकरा वर्षांत अशी किती मुले त्या भिंतीला टेकून गेली असतील, मी कधी मोजली नाहीत. आत प्रार्थना नीट चालली आहे ना, एवढेच मी बघत होतो.

मी हाक मारली, विजू.

चांदबीला येत्या रविवारी कऱ्हाडपर्यंत तू पोचव, पुढे मी न्यायला येतो. तिला सांग, तिची जागा दुसऱ्या रांगेत खिडकीजवळ ठेवली आहे, आणि तिने हाकेची वाट बघायची नाही, सरळ आत यायचे.

कळावे. या म्हाताऱ्यावरचा लोभ जूननंतरही असाच राहू दे.
तुझा,
लालादादा