डावीकडचं मागचं चाक

प्रज्योतदादा,

तुला, आत्याला आणि माहुलच्या सगळ्यांना वेसाव्याहून निहारचा नमस्कार. आधीच सांगतो, ऱ्हस्व-दीर्घ बघू नकोस. नववीत शाळा सोडली तेव्हा ते पण तिथेच राहिलं. उशीर झाला कारण एका बोटाने टाईप करतोय. अंगठ्यावर पुट्टी सुकलीय आणि फोन तो अंगठा ओळखतच नाही. (सरळ फोन का नाही केला विचारू नको. फोनवर मी नुसता "हं" म्हणतो, तुला माहितीय.) आत्याचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं जिने चढू नको. इकडे सगळे मजेत.

आता गाडी. रविवारी तुझा साखरपुडा, आणि दहिसरला हेमांगी वहिनींच्या दारात तुझी गाडी एकदम झकास दिसणार, हे मी आत्ताच लिहून देतो. पार्ल्याच्या फुटपाथला घासून घासून तू चारही अलॉयची जी वाट लावली होतीस ना, ती आता शोधून पण सापडणार नाही. (चाकं कुठे तडकलीत का ते आधी नीट बघून घेतलं. नुसतेच ओरखडे होते.) गॅरेजवाले म्हणतात मशीन पाहिजे, अमुक पाहिजे. काही नाही रे. होडीची फायबरची पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासली, प्रायमर मारला, वर चंदेरी स्प्रे. फक्त ती पुट्टी होडीसाठी असते, लाटा खायला. ती घासता घासता माझे हात गेले, पुट्टी नाही गेली. पण चाक त्यामुळे गुळगुळीत झालं, अगदी आमच्या अस्मिताने आरसा म्हणून वापरलं. (तिचा हेअर ड्रायर मी रंग सुकवायला घेतला होता. आता तो गरम होत नाही. तिला अजून सांगितलेलं नाही, तू पण सांगू नको.)

टायर काढायचं मशीन आपल्याकडे नाही, पण त्याची युक्ती आहे. टायरमधली हवा कमी करायची आणि रिमच्या फटीत सगळीकडून खेळायचे पत्ते खोचायचे, म्हणजे रंग टायरवर उडत नाही. पत्ते बाबांचे घेतले. आता पावसाळ्यात होड्या बंद, त्यामुळे सगळे जेवून झोपतात आणि उठले की डाव मांडतात. मी ते झोपल्यावर कॅट घेतला आणि उठायच्या आत परत ठेवला. बाबा कॅट लावून ठेवतात हे मला काय माहीत. वरचे उचलले ते सगळे एक्के, राजे आणि राण्या निघाले, आणि त्यांच्या कडा झाल्या चंदेरी. बाबा मला ओरडायला उठले होते. मग दोन डावात त्यांच्या लक्षात आलं की समोरच्याच्या हातात काय आहे ते चंदेरी कडांवरूनच कळतंय. तेव्हापासून ते हरलेलेच नाहीत. ओरडायचं राहिलं, उलट मला हळूच विचारतात, "अजून किती चाकं बाकी आहेत रे?"

तीन चाकं अशी झाली की तू कंपनीत परत विकशील. चौथ्याला प्रायमर मारला आणि आपल्या होडीशेजारी ताडपत्रीखाली सुकत ठेवलं. तिथेच भाऊकाका होडीला हिरवा पट्टा मारत होते. (नारळी पुनवेच्या आधी होडी रंगवायची, आणि होडीशेजारी ठेवलेली वस्तू होडीचीच असते, हे भाऊंना सांगावं लागत नाही. गेल्या वर्षी काकूचा पाट पण हिरवा झाला होता.) मी पोचेपर्यंत चाकाला एक हात मारून झालेला. मी उभा राहिलो. भाऊ म्हणाले, "बघत काय बसलायस? दुसरा हात मारतोय, थांब." मला पाहुण्यांकडे "चहा नको" म्हणता येत नाही, म्हणून मी तीन-तीन कप पितो. मी भाऊंना काय थांबवणार? त्यांनी दुसरा हात मारला, वर हळदकुंकू लावलं, आणि म्हणाले, "ब्येस."

खरडून काढलं असतं, पण हळदकुंकू लावलेलं चाक खरडणार कोण? तसंच बसवलं. डावीकडचं मागचं. रस्त्यावर लांबून येताना दिसतं.

बाकी सगळं ओके. तू निश्चिंत रहा. आत्याच्या पाया पडतो.

तुझा,
निहार

ता. क. १ : रविवारी दहिसरला गाडी लावताना डावी बाजू भिंतीला चिकटव. वहिनींना उजवीकडून बसव.

ता. क. २ : हे खरं म्हणजे पहिलं लिहायचं होतं. पुनव झाली की बाबा मला बोटीवर नेणार आहेत. दादा, खाडीतून बाहेर पडायच्या आधीच मला उलट्या होतात, ते सगळ्यांनी बघितलंय. मला चाकंच करायचीत. गल्लीतल्या भीमराजने पण त्याच्या गाडीचं विचारलंय. आपल्या बर्फाच्या पेट्यांमागची जागा रिकामीच असते, तेवढी या कामाला मिळाली तर बस. मला बाबांसमोर बोलता येणार नाही. तू बोल. तू भाचा आहेस, भाच्याला ते कधी नाही म्हणत नाहीत. डाव जिंकून उठले की लगेच विचार. म्हणजे कधीही विचार.

ता. क. ३ : याचा वरच्या कशाशी संबंध नाही, एक बातमी. होडी रंगवून पूर्ण झाली. तरी भाऊ आत्ताच हिरव्या रंगाचा नवीन डबा घेऊन आलेत, आणि तुझी गाडी कुठे लावलीय विचारत होते. मी "हं" म्हणालो.