उतरल्यावरच सांगा

प्रिय बुटके,

तुला या नावाने हाक मारायचा माझा हक्क आता गेला म्हणायचा. तुमच्या डॉक्टरबाई सांगत होत्या, वर अंतराळात वजन नसतं म्हणून पाठीचा कणा सैल होतो आणि माणूस चांगला बोटभर उंच होतो. खाली आलीस की पुन्हा होतीस तेवढीच होशील म्हणे. तेव्हा आहे तोवर मिरवून घे.

घर ठीक आहे. जिन्यातला दिवा एकदाचा बदलला. तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी अजून अडते. मी सुताराला बोलावतो, तो उद्या येतो म्हणतो, आणि त्याचा उद्या काही उजाडत नाही. माझ्या ऑफिसात परग्रहावर पाठवायची नवी गाडी तयार होते आहे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून आम्ही सगळे दिवसभर एका चाकाभोवती उकिडवे बसतो. या वेळी चाकाच्या फटीत दगड जाणार नाही अशी जाळी बसवली आहे. हे वाचून तू हसशील, हस.

मागची गाडी तिथल्या त्या मैदानावर पोचली आणि मुठीएवढ्या दगडाने तिला अडकवून ठेवलं, तेव्हाही तू अशीच हसली होतीस. आम्ही इथून हुकूम पाठवायचा, तो पोचायची वाट बघायची, तिने इंचभर सरकायचं, मग सरकली का ते कळायची वाट बघायची. आठवडेच्या आठवडे हेच. आणि तू जेवताना शांतपणे म्हणालीस की तू तिथे असतीस तर तो दगड बुटाच्या टोकाने उडवला असतास. माझं डोकंच फिरलं. तो बूट तिथे न्यायचा म्हणजे बुटातला माणूस न्यायचा, त्याची हवा, पाणी, जेवण न्यायचं, आणि एवढं करून त्याला जिवंत परत आणायचं. तेवढ्यात मी ढीगभर गाड्या पाठवीन आणि त्यातल्या निम्म्या बुडाल्या तरी कुणाच्या घरी कुणी रडणार नाही, असं मी तुला ऐकवलं. आई दोघांवर ओरडली, आधी जेवा म्हणून. जन्मभर वर्ग सांभाळलेला आवाज तो, आपण मुकाट जेवलो. तुला वाटायचं ती तुझ्या बाजूची. पण मनातून ती माझ्या बाजूची होती गं. यंत्रं गेली असती तर तू घरी राहिली असतीस, एवढंच तिचं गणित.

मग तुझी निवड झाली, आणि निघण्याआधी त्यांनी तुला बसवून तो प्रश्न विचारला. तुमच्याकडे प्रत्येकालाच विचारतात, घरी काही वाईट घडलं तर वर असताना सांगायचं की नाही. तू क्षणभरही न थांबता म्हणालीस, उतरल्यावरच सांगा. आई शेजारीच होती. तिने चष्मा पुसला आणि बरोबर आहे म्हणाली, कळून तरी पोरगी तिथून काय करणार. मी आपला अक्कल पाजळायला म्हणालो की माझ्या गाडीला असलं काही विचारावं लागत नाही. कुणी हसलं नाही.

तू गेल्यावर दोन-तीन महिन्यांतच आईला धाप लागायला लागली. जिना चढताना आधी, मग बसल्या जागी. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. तुला आठवतं, एका रविवारी कॉलवर तू विचारलंस, भिंतीला नवा रंग दिला का? तो हॉस्पिटलचा रंग होता. तिने नाकातली नळी काढून उशीखाली दडवली होती, केस विंचरून घेतले होते, आणि पलंग दिसू नये म्हणून मला फोन अगदी जवळ धरायला लावला होता. दादाने दिला हो रंग, म्हणाली. तू माझं केवढं कौतुक केलंस. आयुष्यात ब्रश हातात धरला नाही मी.

तुमच्या यानाचं ते सोलर पॅनल अडकलं आणि तू बाहेर जाऊन हाताने त्याची बिजागरी मोकळी केलीस, ते सगळं तिने पडल्या पडल्या टीव्हीवर पाहिलं. नर्सला सांगत होती, ते हात माझ्या मुलीचे. पॅनल उघडलं तेव्हा तिने माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, तुझ्या गाडीला जमलं असतं का रे? आणि मी, सवयीने, म्हणालो, जमलं असतं, जरा वेळ लागला असता. तिने मान पुन्हा टीव्हीकडे वळवली. मला नंतर समजलं तिला काय ऐकायचं होतं. तू तिथे असण्यावाचून गत्यंतर नव्हतं, म्हणून तू इथे तिच्याजवळ नाहीस, एवढंच. नसतं जमलं. दोन शब्द होते. मला जमले नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं.

त्यानंतरच्या रविवारी तू आई कुठेय म्हणून विचारलंस, मी म्हणालो झोपलीय. त्याच्या पुढच्या रविवारी, आंघोळीला गेलीय. मग पुन्हा झोपलीय. हल्ली फार झोपते नाही, असं तू म्हणालीस आणि मी मान हलवली. आपला वाद मी जिंकलो बघ. माणूस पाठवला की त्याच्या मागे कुणीतरी उरतं, हेच तर मी बोंबलून सांगत होतो. हरलो असतो तर बरं झालं असतं.

उद्या तू उतरशील. पाय टेकता येणार नाहीत, खुर्चीवरून आणतील. डॉक्टरबाई म्हणत होत्या, आधी दोन दिवस विश्रांती होऊ दे, मग सांगू. मी नाही म्हणालो. तू उतरेपर्यंतच म्हणाली होतीस, त्यापुढचा एक तासही मी लपवणार नाही. पण समोर आलो तर तू आधी माझ्या खांद्यावरून मागे बघशील, आई कुठे आहे ते. ते मला सोसणार नाही, म्हणून हे पत्र पुढे पाठवतो आहे. आई गेली. तू पॅनल उघडलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, फारसा त्रास न होता. तू हे वाचशील तेव्हा मी दाराबाहेरच उभा असेन. वाचून झालं की हाक मार. रागावली असशील तर नको मारूस, मी थांबेन.

खोटं बोललो तरी तुझाच,
दादा