मी टाकायला निघालेली गुलाबी प्लेट

मंगळवार, बोरीवली

विद्यापीठाच्या पत्रिकेत यंदाच्या संशोधनांची यादी आलीय. भौतिकशास्त्र, पुरातत्त्व भराभर वाचलं आणि माझ्याच प्रयोगशाळेतल्या ऋचाच्या नावापाशी थांबले. भरपूर मिठातही वाढणारा नवा जीवाणू, तिने शोधलेला.

तो ज्यात सापडला, ती जीवाणू वाढवायची गुलाबी प्लेट माझी होती. प्रयोगात नको तो रंग आला, म्हणून मी नियमाप्रमाणे वहीत 'दूषित' लिहून सही केली. टाकायला निघाले तर ऋचा म्हणाली, "टाकतेस कशाला गं? आईची खारवलेली मासळी अशीच लाल पडते. मला दे." तिची आई मढला मासळी विकते. मला हे कुठून माहीत असणार? पण विचारायला काय झालं होतं? गुलाबी का, एवढंच.

संध्याकाळी तिचाच फोन. "पुढच्या पेपरात तुझं नाव टाकते. प्लेट तुझीच होती ना, यार."

जळफळाट झाला. हेही तिनेच द्यायचं? आणि नाव आलं की सर वही मागणार. त्यात 'दूषित', माझ्या अक्षरात.

"नको, मी काहीच केलं नाही," मी म्हणाले.

"किती सरळ आहेस गं तू."

मी तिला तसं वाटू दिलं.