ताणावरचा मोगरा

माघ शु. १०
सूनबाई, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. बार्शीला भावाकडे निघताना तू बजावले होतेस, "मामंजी, रोज दोन ओळी लिहीत जा, आल्यावर मी वाचीन." गड्ड्याची जत्रा उठली, तू गेलीस, आणि वही आज उघडतो आहे. लिहिण्यासारखे घडत नाही. शेजारच्या गौराक्का दुधाबरोबर भाकरी देतात. गुलाबाला लेंडीखत घातले, मूठभरच, खोडापासून लांब, तू दाखवलेस तसे. मोगऱ्याचे लक्षण ठीक दिसत नाही. पाने पिवळी.

माघ शु. १२
मोगऱ्याची निम्मी पाने गळाली. कुंडीतली माती उकरून, मुळे उघडी टाकून तू गेलीस, ती तशीच आहेत. पाणी घालू नका म्हणाली होतीस. कुठवर, ते आठवत नाही. विचारले होते की नाही, तेही नाही. सकाळपासून दहादा जाऊन पाहिले. आपल्या श्रीधरच्या दुखण्यातही मी असाच सारखा उठून पाहायचो आणि मग—
पुढे लिहीत नाही.

पौर्णिमा
राहवले नाही. मुळांवर माती लोटली, तांब्याभर पाणी घातले. करडईची पेंड आणून मडक्यात भिजत घातली.

माघ व. ३
पेंड आंबली. वासाने वरच्या बिऱ्हाडाने खिडकी लावून घेतली. पाणी मिसळून मोगऱ्याला घातले. पुरेसे वाटले नाही, आणखी घातले. एवढ्यात गौराक्का दूध घेऊन आल्या. नाकाला पदर.
"तात्या, ह्ये काय करताव?"
"खत घालतोय. वाळत होता."
"वाळू द्यायचं असतंय की! सूनबाईनं ताणावर सोडलं हुतं त्येला. आदी उपाशी ठिवायचं, पानं झडली की मग खत. तवा कळी धरतंय. झाड मेलं नव्हतं, निजलं हुतं. त्येला उठवून जेवाय घातलं तुमी."
मी म्हटले, मला कोणी सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "तुमी इचारताव कुटं कुणाला?"

माघ व. ९
मोगरा हिरवागार. पाने मोठी, तुकतुकीत. कळीचे नाव नाही. गौराक्का म्हणाल्या, "आता भाजी करा पाल्याची. भाकरी मी आणते." स्वतःच हसल्या.
श्रावणात श्रीधर गेला, तेव्हापासून तू फूल माळत नाहीस. तरी देवासाठी म्हणून कुंड्या राखल्यास. गल्लीतल्या बायका म्हणत, हिला कशाला हवा मोगरा. यंदा त्यांच्या मनासारखे होईल. मला वाईट वाटायला हवे. वाटत नाही. श्रावणापासून आत काही पोचतच नाही. जेवतो, पाणी घालतो, झोपतो.

माघ व. १२
तुझा भाऊ वामनराव आला. तू आली असशील म्हणून मी दारापर्यंत गेलो. एकटाच होता. चहा दिला, साखर घालायची राहिली. त्याने तसाच पिऊन टाकला.
मग म्हणाला, "तात्या, पुण्याला मास्तरणीच्या शिक्षणाला तिला जागा मिळतेय. दोन वर्षं. तिची ट्रंक न्यायला आलोय."
"ती काय म्हणते?"
"म्हणते, मामंजी हो म्हणाले तरच ट्रंक आण. नाही म्हणाले तर मी सोलापूरला परत जाते."
मी म्हणालो, मोगऱ्याला यंदा कळी नाही.
"तात्या, मी काय विचारतोय?"
ऐकू आले होते.

माघ व. १३
वामनराव दुपारच्या गाडीने जाणार. सकाळी त्याने पुन्हा विचारले. हो म्हटले तर घरात मी एकटा. नाही म्हटले तर तू येशील, भाकऱ्या थापशील, माझे करशील, आणि मी मेल्यावर? दोन्ही डोळ्यांपुढे आणून पाहिले. भीती तेवढी वाटते, ती दोन्हीकडे सारखीच.
ट्रंक ओढत उंबऱ्यापर्यंत आणली. हात तिथेच थांबला.
"जायची की राहायची?" वामनराव म्हणाला.
"तिलाच विचारा."
"अहो, तिनं तुम्हांला विचारलंय!" त्याचा आवाज चढला. मग म्हणाला, "तुम्ही दोघं मला वेडा करणार."
त्याचे खरे आहे. ट्रंक त्याला दिली नाही, आत परतही नेली नाही. ही पाने फाडून त्याच्याजवळ देतो. आल्यावर वाचणार होतीस, ती आधीच वाच.
सूनबाई, माझ्या होकारावर टाकू नकोस. मामंजींचे कसे होईल, हे बाजूला ठेव. तुला स्वतःला जायचे आहे काय? एवढेच लिही, तुझ्या हाताने, भावाला न विचारता. जायचे असेल तर ट्रंक मीच बार्शीला घेऊन येतो. तोवर ती दारातच आहे, मी ओलांडून ये-जा करतो. लवकर कळव.