काळाचं जनावर

माय, तुझे गुडघे कसे आहेत? खडीवर उकिडवं बसून बसून ते आखडले होते, आता तिकडं तरी पाय लांब करून बसायला मिळतं का? बाचा खोकला थांबला का? तो गेला तेव्हाही त्याची छाती वाजतच होती. तुझ्या ज्या बोटावर हातोडी बसली होती त्याला नख आलं का? आणि धाकटीचा ताप. तो उतरला असेल असं मी धरून चालते, पण तुझ्याकडून कळलं म्हणजे जिवाला बरं वाटेल. माझं विचारशील तर ठीक आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, दुसऱ्यात धरतोय. नात ऑपरेशनच्या मागं लागलीय. करीन म्हणते, पण त्याआधी एक गोष्ट लिहून पुरी करायची आहे, आणि तीच अडून बसलीय. तुझी लेक लिहिते हे तुला कुठून ठाऊक असणार. शाळा आपल्या वाट्याला नव्हती. भज्यांच्या पुड्याचे कागद आणि एसटीच्या पाट्या वाचता वाचता अक्षर ओळखीचं झालं, मग हात आपसूक लिहू लागला. लेकरांसाठी लिहिते.

गोष्ट तुझीच आहे, काळ डोळ्यांनी पाहायचा हट्ट धरलेल्या राजाची. बहात्तरच्या दुष्काळात कळमनुरीच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं, तिथं तू ती सांगायला घेतलीस. दोन काठ्यांवर तुझं जुनं लुगडं बांधून सावली केलेली, तिच्यात धाकटी बसलेली, आणि मी तुझ्या शेजारी लहान हातोडी घेऊन. राजा म्हणतो, काळ धरून आणा. शिपायांना काळ दिसतो कसा तेच माहीत नाही, म्हणून ते रोज एक जनावर दावं लावून आणतात आणि राजा ते माघारी धाडतो. जनावर निवडायचं धाकटीनं, नाकारायचं तू. तिनं घोडा आणला तर तू दगडावरून नजर न काढता म्हणालीस, "घोड्यावर बसणारं लागते कोनी. आपल्यातलं कोन बसलं आजवर?" बैल आणला तर म्हणालीस, "बैल हाणल्याबिगर चालत न्हाई. काळाला कोन हाणते?" कोंबड्याच्या दिवशी तर सगळ्या बाया हसल्या, कारण तू म्हणालीस, पाव्हणा आला की कापून खातेत तो कसला काळ. पलीकडं बसणारी जाडी मावशी म्हणाली, "माह्या मालकाला धाडा गं राजाकडं. सकाळपून एकाच जागी बसेल हाय."

"त्यो न्हाई चालायचा, बाई," तू म्हणालीस. "जनावर कामाला येते."

तेवढंच हसू होतं त्या उन्हाळ्यात. घरी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकर घशाखाली उतरत नव्हती. वस्तीच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. बाया खाली उतरून चिखलातलं पाणी वाटीनं खरवडून आणायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. त्या चिखलात आपलं कासव रुतून बसलेलं होतं. विहीर खणली तेव्हा पाणी साफ राहावं म्हणून जुन्या माणसांनी कयाधू नदीतून आणून सोडलेलं. कोणी कोणी वर येताना त्याच्या पाठीवर ओंजळभर पाणी टाकायचं, पण ते हलायचं नाही. मेलं असेल असंच सगळे म्हणायचे.

त्याच पाण्यानं वस्तीत हगवण आली, तिनं धाकटीला धरलं आणि वर ताप भरला. अजून ती दुपार माझ्यापुढून हलत नाही. बा दवाखान्यात न्यायला गाडी मागायला आखाडा बाळापूरच्या वाटेला गेलाय. तू दारात बसलीयेस, धाकटीचं डोकं तुझ्या मांडीवर, मी वारा घालतेय. तिचे ओठ भेगाळलेत. ती विचारते, "आज कोनतं जनावर आणलं?" जनावर निवडायचं तिनं पहिल्यांदाच तुझ्यावर सोडलेलं.

तू म्हणतेस, "गोगलगाय."

"पाणीच न्हाई तं गोगलगाय कुठून आणली?"

तू पदर ओला करून तिच्या ओठांना लावतेस. मग म्हणतेस, "भुललेच मी. विहिरीतलं कासव आणलं."

"राजानं माघारी धाडलं?"

"न्हाई. राजा म्हणला, हाच काळ."

ती डोळे न उघडता म्हणते, "म्या पाह्यलं त्याला. ते हालून न्हाई राहिलं."

"न्हाई हालत, म्हणून तं दिस पुढं जाऊन न्हाई राहिला. तुहा बा येईस्तोर असाच राह्यते. नीज तू."

ती निजली. बा गाडी घेऊन आला तेव्हा ऊन कलून गेलं होतं, आणि गाडीत घालायला काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू खडीवर गेलीस. मुकादम म्हणाला, "बाई, आज घरी राहायचं." तू म्हणालीस, "घरी काय फोडू?" राजाची गोष्ट तिथंच थांबली. पुढं काय झालं, असं कोणाही बाईनं विचारलं नाही.

पुढच्या वर्षी विहीर भरली. आपण दोघी घागरी घेऊन गेलो, तू पोहरा सोडला, आणि पाण्यातून एक काळं तोंड वर आलं. कासव. या कडेनं त्या कडेला सावकाश गेलं. जाडी मावशी हरखून म्हणाली, "व्हय गं, जितं हाय की." तुझ्या हातातला दोर सैल पडला. "हाललं," एवढंच म्हणालीस. त्यानंतर मरेपर्यंत तू त्या विहिरीचं पाणी भरलं नाहीस. लांबच्या नाल्याला जायचीस, आणि काहून म्हणून कोणी विचारलं तर हसून टाळायचीस. मी घागर घेऊन तुझ्यामागं चालायची. मीही विचारलं नाही.

ते आता विचारते. त्या दुपारी कासवाचं नाव घेतलंस, तेव्हा ते तुझ्या मनात मेलेलं होतं की जितं? मेलेलं असेल, तर लेकरू जाणार हे तुला आधीच कळलं होतं, आणि कधीच न हलणारं जनावर तू तिच्या उशाशी बसवलंस. जितं असेल, तर बा वेळेत येईल अशी आशा तुला होती. लेकरांच्या पुस्तकात यातलं कोणतं लिहू? नात म्हणते, "आजी, कासव कशाला, घोडा टाक ना. काळ कसा पळतो, आणि चित्रही झकास येतं." मी तिला सांगितलं, घोडा तुझ्या पणजीनं कधीच माघारी धाडलाय.

एक सांगते, रागावू नकोस. जनावरासाठी गोष्ट अडलीय हे मी नातीला सांगते, पण ते काही खरं नाही. कासव कागदावर केव्हाच उतरलंय. विहीर भरलीय, आणि काठावर धाकटी बसून पाण्यात पाहतेय. शेवटची ओळ लिहिली की त्याला हलावं लागेल आणि दिस पुढं जाईल, म्हणून मी ती लिहीत नाही. रोज ते पान काढते, वाचते आणि परत गाठोड्यात ठेवते. हे पत्रही आता तिथंच जाईल.

तुला लिहिता येत नाही, मला माहीत आहे. धाकटीला सांग, ती शिकली असेल एव्हाना. तिच्या हातानं दोन ओळी टाक, पण लवकर टाक, माझ्या डोळ्याला दिसतंय तोवर.